विश्लेषण : लग्नाचे चार हजार फोटो कार्डातून अल्बमपर्यंत कसे पोहोचतात? ते हरवू नयेत म्हणून काय करावे लागते?

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘अल्बम कधी मिळणार?’ उशीर झाला की फोटोग्राफर टाळाटाळ करतो आहे असे वाटते. काही वेळा ते खरेही असते. मात्र कॅमेऱ्याचे बटण दाबल्यापासून अल्बम हाती पडेपर्यंत एका लग्नाच्या फाइल सात-आठ टप्प्यांतून जातात. या टप्प्यांतील बहुतेक चुका जादा वेळ देऊन सुधारता येतात. फाइल गमावण्याची चूक मात्र सुधारता येत नाही, कारण अंतरपाट दूर होतानाचा क्षण पुन्हा टिपता येत नाही. ही साखळी कशी चालते, कुठे तुटते आणि फोटोग्राफर ठरवताना कोणते प्रश्न विचारायला हवेत, याचा आढावा.

एका लग्नात किती डेटा तयार होतो?

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये साधारण ३६ फोटो निघत. दहा रोल वापरले तरी आकडा ३६०. प्रत्येक फोटोला पैसे पडत असल्याने बटण जपून दाबले जाई. डिजिटल कॅमेऱ्यात तो हिशेब संपला. आता साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून दोन फोटोग्राफरनी चार हजार फोटो काढणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. ३० एमबी धरल्यास चार हजार फोटोंचे १२० जीबी होतात. व्हिडीओचा भार याहून मोठा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने फोर-के चित्रीकरण केल्यास एका कॅमेऱ्याचा एका तासाचा व्हिडीओ ४५ जीबीचा होतो. दोन कॅमेरे तीन तास चालले तर २७० जीबी. म्हणजे एका लग्नाचा डेटा ४०० जीबीच्या आसपास सहज जातो. मुहूर्त लागोपाठ असतील तर आठवड्याभरात दीड-दोन टीबीचा ढीग साचतो. या ढिगात शिस्त नसेल तर कोणते कार्ड कोणत्या लग्नाचे, इथूनच गोंधळ सुरू होतो.

एवढ्या मोठ्या रॉ फाइल कशासाठी?

मोबाइलमध्ये दिसणारा फोटो बहुतेक वेळा जेपीईजी असतो. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा साठवता येतात. कॅमेऱ्याची १४ बिटची रॉ फाइल प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या नोंदवते. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. त्यातून फोटो नंतर घडवायचा असतो.

मंगल कार्यालयात याचा उपयोग कळतो. एकीकडे पिवळे हॅलोजन, दुसरीकडे पांढरे ट्यूब, स्टेजवर रंगीत एलईडी. वधूने पिवळी अष्टपुत्री नेसलेली, वराचे धोतर पांढरे आणि मागे होमाचा धूर. अशा प्रकाशात चेहऱ्याचा रंग बिघडला तर रॉ फाइलमधून तो बराचसा पूर्ववत करता येतो. जेपीईजीत तेवढी माहितीच शिल्लक नसते. म्हणून बहुतेक व्यावसायिक रॉमध्ये काम करतात आणि ग्राहकाला तयार जेपीईजी देतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी काय ठरते?

दोन गोष्टी आदल्या दिवशीच व्हाव्या लागतात. पहिली, सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवणे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो काढल्याची वेळ नोंदलेली असते. या नोंदीला एक्सिफ म्हणतात. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र केल्यावर त्यांचा क्रम याच वेळेवरून लागतो. एक घड्याळ दहा मिनिटे मागे असेल तर संगणकावर मंगळसूत्र आधी आणि अंतरपाट नंतर दिसतो. चूक वेळीच लक्षात आली तर सॉफ्टवेअरमधून त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे सरकवता येते. ती लक्षात येईपर्यंत अर्धी छाननी झालेली असेल तर मात्र काम दुप्पट होते.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यातील दोन कार्डांचा वापर. दोन स्लॉट असलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिता येतो. अनेक जण दुसरे कार्ड ‘पहिले भरले की चालू होईल’ अशा सेटिंगवर ठेवतात. त्यामुळे जागा दुप्पट मिळते, पण प्रत फक्त एकच राहते. कार्ड बिघडण्याचा धोका लक्षात घेता लग्नात दोन्हीकडे लिहिण्याचे सेटिंगच सुरक्षित ठरते.

लग्नाच्या रात्री कोणते काम टाळू नये?

पाठवणी आटोपल्यावर सगळे दमलेले असतात आणि नेमके तेव्हाच फाइल सर्वाधिक धोक्यात असतात, कारण सगळे लग्न बोटाएवढ्या कार्डांत आणि तीही एकाच बॅगेत असते. म्हणून झोपण्यापूर्वी कार्डे रिकामी न करता त्यांची निदान दोन ठिकाणी प्रत काढायची, हा नियम.

याला किती वेळ लागतो? सेकंदाला ९० एमबी वाचणारा कार्ड रीडर असेल तर १२० जीबीला सुमारे २२ मिनिटे. जुन्या यूएसबी २.० रीडरवर सेकंदाला ३५ एमबीचा वेग धरला तर तेच काम जवळपास तासाभराचे. साध्या रीडरवर केलेली बचत दर लग्नाला अशी महागात पडते.

कॉपी करताना एक जुना सापळा असतो. अनेक कॅमेऱ्यांत फाइलचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दोन कॅमेऱ्यांतही सारख्याच नावाच्या फाइल असू शकतात. सगळी कार्डे एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि घाईत ‘रिप्लेस’वर क्लिक झाले की एकाच्या फाइल दुसऱ्याच्या फाइलवर चढतात. यावर उपाय सोपा आहे. लग्नाचा एक मुख्य फोल्डर करायचा आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी दोन्ही घरांची आडनावे लिहायची. तारीख अशी उलटी लिहिली की सगळी लग्ने आपोआप क्रमाने लागतात. आत प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि प्रत्येक कार्डाचा वेगळा उपफोल्डर ठेवायचा.

कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे ती बरोबर झाली असे नाही. टेराकॉपीसारखे सॉफ्टवेअर मूळ फाइल आणि प्रत यांचा ‘चेकसम’ ताडून पाहते. चेकसम हा फाइलमधील डेटावरून गणिताने काढलेला ठसा असतो. डेटात किंचित फरक पडला तरी तो बदलतो.

‘३-२-१’ नियम काय सांगतो?

अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रो यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डॅम बुक’ या पुस्तकातून लोकप्रिय केलेला हा नियम आता संगणक क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असू द्या आणि एक प्रत वेगळ्या जागी ठेवा.

लग्नाच्या कामात याचा अर्थ असा : एक प्रत कामाच्या संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि तिसरी स्टुडिओबाहेर, म्हणजे घरी किंवा क्लाऊडवर. लॅपटॉप, हार्डडिस्क आणि कार्डे एकाच बॅगेत घेऊन गाडीवरून परतणाऱ्याकडे कागदावर तीन प्रती असतात. बॅग गेली की एकही उरत नाही.

अनेक स्टुडिओ दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड यंत्रणा बसवतात. एक डिस्क बंद पडली तर तिचा उपयोग होतो. मात्र चुकून फोल्डर पुसला किंवा रॅन्समवेअर शिरले तर दोन्ही डिस्कवर तेच घडते. त्यामुळे रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

क्लाऊडवर चढवायलाही वेळ लागतो. अपलोडचा वेग ५० एमबीपीएस असेल तर १२० जीबीला सलग साडेपाच तासांच्या आसपास लागतात. म्हणून बरेच जण आधी निवडलेले फोटो चढवतात आणि सगळ्या रॉ फाइलची तिसरी प्रत दुसऱ्या जागी हार्डडिस्कवर ठेवतात. तिन्ही प्रती तयार होऊन तपासल्या जाईपर्यंत कार्ड पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट करायचे नाही, ही यातील सर्वात महत्त्वाची अट. जादा कार्डांचा खर्च वाचवण्यासाठी ती मोडली जाते.

चार हजारांतून आठशे कसे निवडतात?

या छाननीला व्यवसायात ‘कलिंग’ म्हणतात. एका फोटोला तीन सेकंद दिले तरी चार हजार फोटोंना तीन तास २० मिनिटे लागतात. रॉ फाइल उघडायला वेळ घेते. त्यामुळे फोटो मेकॅनिकसारखी सॉफ्टवेअर रॉ फाइलमध्येच दडलेले छोटे जेपीईजी वाचून फोटो झरझर दाखवतात. पहिल्या फेरीत हललेले, अंधारलेले आणि एकसारखे फोटो बाजूला होतात. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांना तारे दिले जातात. या टप्प्यावर काहीही कायमचे पुसायचे नसते.

अलीकडे आफ्टरशूटसारखी एआयवर चालणारी साधने हे काम काही मिनिटांवर आणतात. ती फोकस तपासतात, मिटलेले डोळे ओळखतात, सारख्या फोटोंचा गट करतात. त्यांना नाते मात्र कळत नाही. मंगलाष्टका सुरू असताना डोळे मिटून उभी असलेली वधू यंत्राला बिघडलेला फोटो वाटू शकते. आईला तोच हवा असतो. वधूला मांडवात घेऊन येणारा मामा कोण, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजी कोण, हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय फोटोग्राफरलाही कळत नाही. म्हणून जवळच्या वीस-पंचवीस नातेवाइकांची यादी आधीच देणे दोघांच्याही सोयीचे.

एडिटिंगला इतके दिवस का लागतात?

निवडलेल्या ८०० फोटोंना प्रत्येकी एक मिनिट दिला तर १३ तास २० मिनिटे होतात. त्यात चेहऱ्याचे बारीक काम धरलेले नाही. हे काम सहसा २००७ मध्ये बाजारात आलेल्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये होते. एका प्रकाशातील एका फोटोवर रंग आणि उजेड जमवायचा आणि तेच बदल त्या गटातील बाकीच्या फोटोंना लावायचे, यामुळे वेळ वाचतो.

लाइटरूम मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. केलेल्या बदलांची नोंद ‘कॅटलॉग’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. याचे दोन परिणाम आहेत. चूक झाली तर कधीही मागे जाता येते, हा फायदा. केवळ फोटोंचा बॅकअप घेतला आणि कॅटलॉग राहून गेला तर अनेक दिवसांची मेहनत जाऊ शकते, हा धोका. लाइटरूमबाहेरून फोल्डर हलवला किंवा त्याचे नाव बदलले की फोटो ‘सापडत नाहीत’ असे दिसते, तेही याच कारणाने.

अल्बमची गाडी कुठे अडते?

बऱ्याचदा ती ग्राहकाच्या घरी अडते. पेन ड्राइव्हमध्ये ८०० फोटो येतात आणि त्यातून दीडशे निवडायचे असतात. दोन घरे, चार मते. काही वेळा नंबरांची यादी येते आणि तेवढ्यात स्टुडिओने फाइलची नावे बदललेली असतात. मग १२४३ नंबरचा फोटो दुसराच निघतो. त्यामुळे नावे बदलायची तर निवडीला देण्यापूर्वी एकदाच, पुन्हा नाही. निवड लिंकवर थेट खूण करून घेतली तर ही अडचण उरत नाही.

छपाईचेही गणित आहे. १२ बाय ३६ इंचांचे करिझ्मा पान ३०० डीपीआयने छापायचे तर १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६,००० पिक्सेल असते. तो एकच फोटो पूर्ण पानभर ताणला तर इंचाला १६७ पिक्सेलच उरतात. म्हणून पानभर एकच फोटो हवा असेल तर तो मुळात अगदी स्पष्ट असावा लागतो. स्क्रीन आणि कागद यांच्या रंगांत फरक पडू नये यासाठी स्क्रीन यंत्राने जुळवून घेणे आणि लॅब मागेल त्या रंगप्रणालीत, बहुधा एसआरजीबीत, फाइल देणे गरजेचे असते. शंभर पाने छापण्याआधी एक नमुना पान काढून पाहिले तर बराच खर्च वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो जपून ठेवले तर चालत नाही का?

व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करते. त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते आणि फोटो काढल्याची वेळही फाइलमधून निघून जाते. ३०० डीपीआयच्या हिशेबाने असा फोटो जेमतेम पाच इंच रुंद छापता येईल. ‘एचडी’ पर्याय निवडल्यास आकार वाढतो, पण मूळ फाइल जशीच्या तशी जात नाही. ती हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते.

ड्राइव्हची लिंक हा डिलिव्हरीचा मार्ग आहे, कायमचे कपाट नव्हे. गुगल खात्यात मोफत मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटली जाते. १० एमबीचे ८०० फोटो घेतले तरी ८ जीबी भरतात. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातील फोटोंसह काढून टाकण्याचे गुगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणून लिंक मिळताच फोटो उतरवून घेणे आणि घरात निदान दोन ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे. एक प्रत वधूच्या माहेरी ठेवली तर ‘वेगळ्या जागी एक’ हा नियमही पाळला जातो.

कार्ड ‘करप्ट’ झाले तर?

पहिली गोष्ट, कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवायचे. त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. फाइल पुसली किंवा कार्ड साध्या पद्धतीने फॉरमॅट झाले की बहुतेक वेळा अनुक्रमणिका जाते, आतील डेटा लगेच जात नाही. त्यावर नवे काही लिहिले गेले की मात्र तो कायमचा जातो. संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारल्यास ‘नाही’ म्हणायचे. फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डातून फोटो शोधू शकते. सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर घ्यायच्या. कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर घरगुती प्रयोग न करता डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्यांकडे जावे.

फोटोंवर हक्क कोणाचा, ग्राहकाने काय विचारावे?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो, पण दोघांत वेगळा करार नसेल तरच. अनेक फोटोग्राफरच्या करारात हक्क स्वतःकडे ठेवल्याचे कलम असते. इन्स्टाग्रामवर फोटो टाकण्याची परवानगीही तिथेच दडलेली असते. सही करण्याआधी हे वाचायला हवे. पाहुण्यांनी सेल्फी द्यायची आणि स्वतःचे फोटो शोधायचे, अशी चेहरा ओळखणारी लिंक दिली जात असेल तर ती किती दिवस खुली राहणार, तेही विचारावे.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सहा प्रश्न पुरेसे आहेत. कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का? त्या रात्री किती प्रती होतात आणि कुठे? एडिट केलेले किती फोटो मिळतील आणि किती दिवसांत? रॉ फाइल मिळतील का? स्टुडिओ आमचा डेटा किती महिने ठेवणार? फोटो हरवले तर भरपाई काय? उत्तरे तोंडी न ठेवता पावतीवर किंवा निदान मेसेजवर घ्यावीत. पैसे देऊन घेतलेली ही सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

आयोग पैसे मिळवून देऊ शकतो, फोटो नाही. त्यामुळे कोणत्या कंपनीचा कॅमेरा आहे आणि ड्रोन मिळेल का, या नेहमीच्या प्रश्नांच्या आधी बॅकअपचा प्रश्न विचारलेला बरा. नीट काम करणाऱ्या फोटोग्राफरला त्याचे उत्तर द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत.